मामांनी शिवलेली गीतपुस्तकं

माझे मामा पुस्तकं बांधायचे. चाळीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि मेणदोऱ्यात गेली. मामी गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, एक ट्रंक आणि एक दाभण घेऊन. बोलणं इतकं कमी की शेजाऱ्यांना वर्षभर वाटत होतं, हे गृहस्थ मुके आहेत.

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत. आमच्या मंडळीत रिकाम्या हाताचं कुणी नाही. कुणी गातं, कुणी मुलांना शिकवतं, कुणी आजाऱ्यांना भेटतं आणि ज्याला काहीच जमत नाही तो सूचना करतो. मामांना विचारलं की ते म्हणत, "मी आपला बाकावरचा." हसून म्हणत, पण मला ते लागायचं.

मग पाळकसाहेबांनी चाळीस फाटकी गीतपुस्तकं, छापखान्यातून मागवलेल्या नव्या पानांसकट, त्यांच्याकडे दिली आणि मामा उजळले. दुपारभर खिडकीशी बसून ते फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले गठ्ठे, क्रमाने लावत आणि शिवत. खळीचा वास, पडद्यातून झिरपणारा पिवळा उजेड, दोऱ्याची सुळसुळ. त्या खोलीत पाऊल टाकलं की मला झोपेत चालल्यासारखं वाटे. मामांना सगळं जगच तसं दिसत होतं, कारण त्यांची नजर जात चालली होती. माणसं म्हणजे हलणारे रंग. आम्हाला ते पावलांवरून ओळखत. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे फक्त मला ठाऊक होतं. "कुणाला सांगू नकोस गं," ते म्हणाले होते, "काम काढून घेतील." आणि मी मूर्खासारखी गप्प बसले.

नवी बांधलेली पुस्तकं बाकांवर आली, त्याच रविवारी आमच्या मंडळीतल्या कडक नर्सबाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. आनंदाचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. पान उलटलं, आणि अर्ध्या मंडळीने बाळाला आशीर्वाद दिला, उरलेल्या अर्ध्या मंडळीने त्याला मूठमाती दिली. वीस पुस्तकांत एक फर्मा भलत्याच जागी शिवला गेला होता आणि तिथे अंत्यविधीचं गीत आलं होतं. दोन्ही गीतांची चाल एकच, त्यामुळे घोळ लक्षात यायला आणखी दोन ओळी गेल्या. बाळ गाढ झोपलं होतं. नर्सबाईंचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

उपासना संपल्यावर सगळे पुस्तकं चाळत उभे राहिले. "छापखान्याचा गलथानपणा, दुसरं काय!" कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या. "कळवतो त्यांना," पाळकसाहेब म्हणाले. मामांचं नावही कुणाच्या तोंडी आलं नाही. गप्प राहिले असते तर काम राहिलं असतं आणि मानही. माझा तर जीव भांड्यात पडला होता.

मामा बाकाची कड धरून उठले.

"छापखान्याचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "मला पानांवरचे आकडे दिसत नाहीत. बरेच दिवस झाले. मी लपवलं. मला इथं दुसरं काही येत नाही हो."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ हळूहळू तरंगत होती. सगळे तिच्याकडे बघत राहिले, मामांकडे बघायची हिंमत कुणाला होईना.

"आकडेच ना?" मागून आमचे रिटायर्ड पोस्टमन म्हणाले. "मी वाचतो. पस्तीस वर्षं दुसरं काय केलं?"

नर्सबाई पुढे झाल्या. मला वाटलं, आता या मामांना फाडून खातात. त्या म्हणाल्या, "टाके मला येतात. मंगळवारी येते."

मंगळवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदांचे ढीग पडले. पोस्टमन संथ सुरात आकडे पुकारत होते, मामा चाचपून गठ्ठे लावत होते, नर्सबाई भराभर शिवत होत्या. पहिलं पुस्तक त्यांनी मामांच्या हातात दिलं. मामांनी ते उघडून पाहिलं. ते जेमतेम अर्धंच उघडलं. मामांनी पाठीवरून बोट फिरवलं, आणि जन्मात आवाज न चढवलेला माणूस कडाडला, "बाई, ही जखम नव्हे, पुस्तक आहे! उघडायला नको का ते? उसवा सगळं!"

नर्सबाईंना असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पोस्टमनचा आकडा तोंडातच राहिला.

नर्सबाईंनी निमूट कात्री उचलली आणि खुर्ची मामांजवळ ओढली. "बरं. दोरा किती ताणायचा, ते दाखवा."

मामांनी त्यांची बोटं दोऱ्यावर ठेवली आणि वर आपला हात ठेवला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले.