वर्षाच्या व्हिडिओतले चाळीस सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

आधीच एक सांगून टाकते. मी दुःखी बाई नाही. अशा गोष्टी सांगणाऱ्यांची झोप उडालेली असते म्हणतात; माझी कधी उडाली नाही. खराडीला ऑफिस आहे, काम आवडतं, नवरा माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतो, मुलगी दिवसभर बडबडते. मजेत आहे मी. म्हणूनच बहुधा इतकी वर्षं गेली. काही दुखत नसताना डॉक्टरकडे कोण जातं?

वर्षा माझी मैत्रीण. आजही आहे. आम्ही कॉलेजात भेटलो तेव्हा पुण्यातलं प्रत्येक पोर इंजिनिअर होऊन हिंजवडीला जायच्या गडबडीत होतं, आणि आम्ही दोघी चित्रपट आणि दृश्य माध्यम असं लांबलचक नाव असलेल्या कोर्सला बसलो होतो. माझ्या बाबांनी एकदाच विचारलं, "कॅमेरा घेऊन हिंडायला डिग्री लागते?" आणि मग मला घरी कॉम्प्युटर घेऊन दिला. आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. वर्षा वाशीमकडची, सदाशिव पेठेत एका खोलीत आणखी दोन मुलींबरोबर राहायची. वर्गात ती फार कमी बोलायची. बोलण्याआधी मनातल्या मनात वाक्य तपासून घ्यायची — मला ते तिच्या ओठांवरून कळायचं. "मले" म्हणायचं नाही, "मला" म्हणायचं. "काऊन" नाही, "का". माझ्याशी एकटीशी बोलताना मात्र ती सगळं सोडून द्यायची, आणि मला ते फार आवडायचं. खरंच आवडायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते तिच्या भाषेचा राग येऊन केलं नाही.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने दहा मिनिटांची फिल्म करायची होती. आमचा गट दोघींचाच. दिग्दर्शन आणि कॅमेरा माझा, आवाजाचं रेकॉर्डिंग वर्षाचं. विषय तिनेच सुचवला — स्वारगेटला चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारणाऱ्या बाई. वर्षा दर सुट्टीत तिथून गावी जायची, तिला तो आवाज पाठ होता. बाईंचं नाव इथे घेत नाही. निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस उरले होते. कडक होत्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "माझं काय शूटिंग करताय? मला तर कुणी बघतही नाही."

चार दिवस आम्ही तिथे बसलो. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत डबा उघडून बसल्या असताना, त्या आपणहून बोलायला लागल्या. लग्नानंतर लेक पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हाची गोष्ट. साताऱ्याची गाडी. ती त्यांनीच पुकारली. "प्रत्येक गाडी मी तीनदा पुकारते," त्या म्हणाल्या. "ती दोनदाच पुकारली. तिसऱ्यांदा जमलं नाही बघा." आणि डब्यातली पोळी तोडत राहिल्या.

मी कॅमेरा धरून उभी होते. मनात म्हटलं, फिल्म झाली.

वर्षाच्या खोलीवर येऊन पाहिलं तर काय? त्या पाच मिनिटांतलं काहीच नाही. घाईत मी बटण दोनदा दाबलं होतं — चालू आणि लगेच बंद. मग बाईंचं बोलणं संपल्यावर, बंद करते समजून, चालू केलं होतं. कॅमेऱ्यात होत्या माझ्या चपला, जिना, आणि स्वारगेटच्या फरशा.

दुसऱ्या दिवशी धावत गेलो. पुन्हा सांगाल का, म्हणून विचारलं. बाई रागावल्या नाहीत. "पुन्हा नाही हो सांगता यायचं ते," एवढंच म्हणाल्या.

मी तर रडायच्या बेतात होते. वर्षाने मात्र तिचा रेकॉर्डर काढला. तिच्याकडे सगळा आवाज होता — पोळी तोडल्याचासुद्धा. म्हणाली, चेहरा नको दाखवू. रिकामा फलाट दाखव, आणि वर हे ऐकू दे. मी म्हटलं, असं कसं चालेल? ती म्हणाली, "करून तर पाह्य."

चाललं. नुसतं चाललं नाही — वर्गात फिल्म दाखवली तेव्हा त्या जागी कुणी खोकलंही नाही.

आता रिफ्लेक्शन व्हिडिओ. ही आमच्या सरांची कल्पना. फिल्म झाल्यावर प्रत्येकाने एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसून पाच मिनिटं बोलायचं: काय केलं, काय चुकलं, काय शिकलो. कागद बघायचा नाही. त्याला फिल्मइतकेच मार्क. वर्षाच्या घरमालकीणबाईंना समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वतःकडे बघायला घरात आरसे नाहीत वाटतं?" तेव्हा आम्ही खूप हसलो.

मी माझा व्हिडिओ घरी केला. अकरा वेळा केला. पहिल्यांदा बोलले तेव्हा मी खरं सांगितलं होतं — बटणाचं. पाहिलं, आणि इतकी बावळट वाटले स्वतःला! दिग्दर्शकाला कॅमेरा चालू करता येत नाही? पुढच्या वेळी ते थोडं गुळगुळीत केलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. अकराव्या वेळी मी कॅमेऱ्यात सरळ बघून म्हणाले, "त्या क्षणी बाईंचा चेहरा दाखवायचा नाही, हा निर्णय मी जाणीवपूर्वक घेतला. काही दुःखं ऐकायची असतात, बघायची नसतात." आवाजही जरा कापला. मुद्दाम कापवला नव्हता. आपलंच खोटं आपल्याला इतकं भिडतं, माहीत आहे तुम्हाला?

इथपर्यंत असतं तरी मी आज लिहायला बसले नसते. तरुणपणी कोण थोडं फुगवून सांगत नाही?

वर्षाने तिचा व्हिडिओ तिच्या खोलीवर केला. मला बाहेर पाठवलं. "तुह्या समोर नाही बोलता येत," म्हणाली. मग कॅमेरा माझ्या हातात दिला, कारण डीव्हीडी माझ्या कॉम्प्युटरवरच बनायची होती. म्हणाली, "तू पाहू नको हं. लाज वाटते." मी हो म्हटलं.

आणि दुपारी घरी येऊन पाहिला.

सुरुवातीला ती वर्गातल्यासारखीच बोलत होती — जपून, शुद्ध, पुस्तकी. माइक कुठला, गोंगाट कसा टाळला. मला जरा कंटाळाही आला. मग ती थांबली. खाली पाहिलं. आणि एकदम घरच्या भाषेत बोलायला लागली. मला ते शब्दन्‌शब्द पाठ आहे. "खरं सांगू? कॅमेरा बंदच राह्यला होता. कोणाची चूक नाही, होते असं. पण मी बाईचं आयकून राह्यली होती, अन् मले माझी माय आठवली. मी पुण्याले निघाली तवा ते फाट्यावर आलती. गाडी निघाली तरी काही बोलली नाही. नुसती उभी होती. तवा मले वाटलं, चेहरा कायले पायजे?"

चाळीस सेकंद. मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा "मला असे वाटते की" सुरू झालं.

पाहिलंत? तिने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. "कोणाची चूक नाही" म्हणाली होती. पण सर आधी माझा व्हिडिओ बघणार, मग तिचा. जाणीवपूर्वक निर्णय — आणि कॅमेरा बंद.

मी ते चाळीस सेकंद कापले. सांधा दिसू नये म्हणून त्यावर शूटिंगचा एक फोटो टाकला: वर्षा कानाला हेडफोन लावून हसते आहे. फार छान बसला तो फोटो. डीव्हीडी झाली. आई आतून म्हणाली, चहा घेतेस का? घेतला.

आठवड्याने मार्क आले. सरांनी प्रत्येकाला कागदावर दोन ओळी लिहून दिल्या होत्या. माझ्या कागदावर होतं, "विचार स्पष्ट. प्रामाणिक." वर्षाच्या कागदावर, "तांत्रिक माहिती ठीक. स्वतःबद्दल मात्र काहीच सांगितलेलं नाही. वरवरचं."

आम्ही कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिने तो कागद मला दाखवला. परत घेतला. घडी घातली, उघडली. मग म्हणाली, "मी मायबद्दल बोलली होती गं. ते काहीच नव्हतं का?"

इथेच सांगता आलं असतं. अजूनही वेळ होती, सर वर स्टाफरूममध्ये बसले होते. दोन जिने चढून जायचं होतं. ते नाही तर निदान गप्प बसता आलं असतं. भित्रं माणूस गप्प बसतं — तेवढी तरी मी भित्री असायला हवी होते.

मी गप्प बसले नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू गावच्या भाषेत बोललीस का मध्ये? मग सरांना नीट कळलं नसेल गं."

हेच सांगायचं होतं. बाकी सगळं या एका वाक्याच्या आजूबाजूला फिरणं होतं. ती त्या भाषेत बोलली हे मला कसं माहीत, हेही तिच्या डोक्यात आलं नाही. व्हिडिओ पाहणार नाही म्हणाले होते ना मी? तिचा माझ्यावर विश्वास होता. तिने कागद पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "हो. तसंच असेल." असेल. "असंन" नाही. माझ्याशी एकटीशी बोलताना ती त्या दिवसापासून कधीच "मले" म्हणाली नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं. मला नोकरी लागली — कंपन्यांसाठी शिकवणीचे व्हिडिओ बनवायची. मुलाखतीत ती फिल्म दाखवली, त्या रिकाम्या फलाटाबद्दल विचारलं, मी अकराव्या वेळचं उत्तर दिलं. आता नव्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर बसवते आणि सांगते, मनापासून बोला, घरच्यासारखं बोला. ते बोलतात. मला हे काम चांगलं जमतं.

वर्षाचंही उत्तम चाललंय. सिंहगड रस्त्याला तिचा छोटा ध्वनी-स्टुडिओ आहे. तिच्या कानाला शहरात मान आहे. मराठी इतकं स्वच्छ बोलते की लोक विचारतात, तुम्ही मूळच्या पेठेतल्या का? ती हसून विषय बदलते. दुसऱ्यांचे आवाज ती दिवसभर ऐकते, सुधारते. स्वतः कधी माइकसमोर बसत नाही. एकदा एका कामासाठी मला वऱ्हाडी बोलणारा बाईचा आवाज हवा होता. मी तिलाच विचारलं. हिंमत बघा माझी! "छे गं," म्हणाली, "ते आता येत नाही मला." आणि नागपूरच्या कुणाचा तरी नंबर दिला.

पुण्यात अशी भाषा घरी ठेवून आलेली हजारो माणसं आहेत. त्यांच्याजवळ काही माझ्यासारखी मैत्रीण नव्हती. तरी त्यांनी ठेवलीच. हे मला ठाऊक आहे. पण वर्षाला ते सांगणारं तोंड माझं होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असणारी मी एकटी होते.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. नवऱ्याने भरली वांगी केली होती. मुलगी तिच्या मांडीवर चढून बसली होती. खूप हसलो. जेवण झाल्यावर तिच्या आईचा फोन आला. ती उठली, गॅलरीत गेली आणि मागे काचेचं दार ओढून घेतलं. आत काही ऐकू येत नव्हतं. नुसती दिसत होती — हातवारे करत, मान उडवत, मोकळी. इतकं मोकळं मी तिला कट्ट्यावरच्या त्या दिवसाच्या आधीच पाहिलं होतं. मी टेबलाशी बसून पाहत राहिले.

फोन संपला. दार सरकवून ती आत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हं, काय सांगत होतीस तू?"

वांग्यांत कूट किती घालायचं ते सांगत होते. तेच पुढे सांगितलं.