रबर निर्दोष आहे

माझे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातले तराजू, पेट्रोल पंपांवरची मापं, रिक्षांचे मीटर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, सवय सुटली नाही. दुधाची पिशवी ते आजही तळहातावर तोलून बघतात. मुलुंडच्या मंडईतली एक भाजीवाली तर त्यांना लांबून बघितलं की आधी काटा शून्यावर आणते आणि मग "या काका" म्हणते. "मापात पाप नको" हे त्यांचं लाडकं वाक्य. पाढ्यांच्या आधी मी ते शिकले असेन.

हा संशयी स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरलाय, असं माझा नवरा येईल त्या पाहुण्याला सांगतो. असेल. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि बहुतेक वेळा ती बरोबरच चुकचुकलेली असते.

टेबल टेनिस मला बाबांनीच शिकवलं, ते राहतात त्या कॉलनीच्या हॉलमध्ये. लग्नानंतर मी घाटकोपरला आले, तरी रविवारी सकाळी आमचा खेळ ठरलेला. आई गेल्यावर तर आमचं जे काही बोलणं होतं ते त्या टेबलावरच. गेल्या वर्षी बाबांच्या फुप्फुसांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी श्वासातून ओढायचा औषधाचा पंप दिला, धूर आणि उग्र वासांपासून लांब राहायला सांगितलं आणि वर म्हणाले, "खेळ मात्र सोडू नका. एकदा बसलात की बसलात." बाबांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र ते हसण्यावारी नेता येईना, कारण मी त्यांना ओळखते. त्यांनी एकदा बॅट खाली ठेवली तर परत उचलणार नाहीत, आणि मग त्या दोन खोल्यांत ते आणि टीव्ही एवढंच उरेल. मला याची भीती वाटत होती. अजूनही वाटते.

त्यात वासाचं प्रकरण झालं. माझ्या बॅटला चिकट रबर होतं. चिकट म्हणजे वरचा थर असा, की बॉल क्षणभर धरून ठेवतो आणि गरगर फिरवून सोडतो. पण असली रबरं बहुधा मठ्ठ असतात, म्हणून लोक त्यांच्या आतल्या स्पंजला बूस्टर नावाचं पातळ तेल चोपडतात. स्पंज फुगतो आणि बॉल सुसाट जातो. नियमात हे बसत नाही, पण आमच्यासारख्या हौशी लोकांच्या बॅटी तपासायला कोण येतंय? माझ्या नेहमीच्या दुकानदारानेच बॅटला नुकताच नवीन बूस्टर लावून दिला होता. त्या रविवारी मी ती पिशवीतून काढली आणि टेबलापलीकडे बाबांना खोकल्याची जोरदार उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी बॅट मागून घेतली आणि नाकाशी धरली.

"हे काय लावलंयस?"

"बूस्टर. सगळेच लावतात, बाबा."

"सगळेच लावतात," ते म्हणाले. "हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय."

तर बूस्टर लागणार नाही असं चिकट रबर शोधायचं ठरलं. मला ते हवं होतं त्यांच्या फुप्फुसांसाठी, त्यांना हवं होतं तत्त्वासाठी. आम्ही रिक्षाने अंधेरीला एका खेळाच्या दुकानात गेलो. पवई येईपर्यंत बाबांनी मीटरवरून डोळे हलवले नाहीत.

दुकानदार तिशीतला, बोलघेवडा. त्याने लगेच एक पाकीट पुढे केलं. "काका, हे घ्या. एकदम झकास. बूस्टरची गरजच नाही, फॅक्टरीतूनच तयार होऊन येतं."

"तयार होऊन म्हणजे?"

"म्हणजे... तयार."

"फॅक्टरीत काय घातलं याच्यात?"

बाबांनी पाकीट उघडायला लावलं. तोच वास, जरा मवाळ. "नियमात बसतं हे, काका," दुकानदार म्हणाला. "माझ्या नाकात बसत नाही," बाबा म्हणाले आणि रबर परत केलं.

दुसऱ्याला वास नव्हता, पण स्पंज फळीसारखा टणक. बाबांनी अंगठ्याने दाबून बघितलं आणि मान हलवली. हे तेल पाजल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांचं मत पडलं आणि ते बरोबर होतं. तिसऱ्या रबराचा वरचा थर चिकट होता, वास काही नव्हता, आणि स्पंज दाबून बोट उचललं की लगेच वर यायचा. मला ते बघताक्षणी आवडलं. बाबांना नाही. त्यांना कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय आला. चिकटपणा रबराचा आहे की वरून काढलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचा, असा त्यांचा प्रश्न. त्यांनी रुमाल पाण्यात भिजवला, रबर पुसलं, वाळू दिलं, मग बॉल त्यावर दाबून रबर उलटं केलं. बॉल लटकून राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग तो टपकन पडला.

"काका, रबर आहे, सोनं नाही," दुकानदार वैतागून म्हणाला.

"सोनं असतं तर तुला इतकं छळलं नसतं. सोन्याला हॉलमार्क असतो."

रबर बॅटवर चिकटवताना ते काउंटरच्या आत जाऊन उभे राहिले. साधा पाण्यातला ग्लूच आहे ना, हे त्यांनी बाटली हुंगून बघितलं. मला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं.

नव्या रबराने सुरुवातीला माझी वाट लावली. बॉल जाळीत जायला लागले. बूस्टर माझ्यासाठी किती काम करत होता ते आत्ता कळलं. पण हात बसत गेला, फिरकी यायला लागली, आणि मुख्य म्हणजे बाबांना खोकला येईना. मी खूश होते. तेवढ्यात बाबा जिंकायला लागले. आधी एखादा गेम, मग सकाळचे सगळेच गेम. सत्तरी ओलांडलेला, पंप खिशात घेऊन फिरणारा माणूस मला हरवत होता. मला त्याचा आनंद झाला, आणि तो बहुधा तोंडावर दिसला असावा. कारण एका रविवारी जिंकल्याबरोबर त्यांनी बॅट टेबलावर आडवी ठेवली.

"तू पॉइंट सोडतेयस."

"काहीतरीच काय!"

"मुद्दाम मेलेलं रबर घेतलंस. म्हातारा जिंकावा म्हणून."

"अहो, तुम्हीच निवडलंत ना ते! वास घेऊन, धुऊन, पुसून!"

"दुकानदाराला आधी फोन करून ठेवला असशील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारच्या टेबलावरचे दोघं खेळ थांबवून ऐकत होते. बाबांनी खिशातून मोठा रुमाल काढला, माझी बॅट त्यात गुंडाळली आणि गाठ मारली. "ही माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "तपासणी होईपर्यंत खेळ बंद." आयुष्यभर लोकांचे तराजू जप्त केले, आता माझी बॅट जप्त झाली. घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. पण त्या रात्री जेवताना मला सारखं डॉक्टरांचं वाक्य आठवत राहिलं. बसलात की बसलात.

शिवाय मलाही एक संशय होता, आणि तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. बाबा हल्ली खेळताना फार वेळा बुटाची लेस बांधायचे. एखादा लांबलेला पॉइंट झाला की खाली वाकायचे आणि बराच वेळ वर यायचे नाहीत. लेस सुटलेली मी कधी बघितली नव्हती.

शनिवारी मी मुलुंडला बाबांकडे गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात माझी बॅट ओट्यावर आडवी पडली होती आणि ती हलू नये म्हणून मुठीवर वरवंटा ठेवला होता. शेजारी बाबांची जुनी बॅट, तिच्यावर खलबत्ता. बाबा फ्रिजवर केलेल्या पेन्सिलीच्या खुणेपासून बॉल सोडत होते आणि तो किती उसळतो ते डोळे बारीक करून बघत होते. मला बघून त्यांनी एकदा या बॅटवर बॉल सोडला, एकदा त्या बॅटवर.

"बघ. उसळी सारखीच," ते म्हणाले. "तुझं रबर मेलेलं नाही. रबर निर्दोष आहे."

"सांगत नव्हते मी तुम्हाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग दोषी कोण उरलं?"

बाबांनी वरवंटा उचलून जागेवर ठेवला, बॅट पुसली आणि माझ्या हातात दिली.

"माझ्या उजव्या कोपऱ्यात शेवटचा बॉल कधी टाकलास?"

मला आठवेना. उजवा कोपरा म्हणजे बाबांना दोन पावलं पळावं लागतं. डावीकडे आणि अंगावर आलेला बॉल ते जागच्या जागी परत करतात. मी कितीतरी रविवार नुसती डावीकडे खेळत होते. शपथेवर सांगते, ठरवून नाही. माझं मलाच कळलं नव्हतं. हात परस्पर हे करत होता, आणि ज्या माणसाने आयुष्यभर काट्याखाली चिकटवलेले लोहचुंबक शोधले त्याच्यासमोर करत होता. मला लाज वाटली. लाज वाटली की मी चिडते.

"आणि तुमची लेस?" मी म्हटलं. "ती इतक्यांदा कशी हो सुटते?"

बाबांनी बॉल उचलला, खिशात टाकला, आणि चहा घेणार का विचारलं. मी चहा घेतला. निघताना मी उद्या येऊ का म्हणून विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं.

रविवारी मी गेले तेव्हा ते माझ्या आधी हॉलमध्ये येऊन बसले होते. पायात नवे बूट होते. त्यांना लेसच नव्हती, वरून चिकटपट्टी होती.

"कुठून घेतले?"

"स्टेशनजवळून. नीट चिकटतात का ते बघून घेतले."

खेळ सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला मी बॉल त्यांच्या उजव्या कोपऱ्यात टाकला. ते पळाले, बॅट पुढे केली, आणि बॉल तिच्या टोकाला लागून भिंतीकडे गेला. "एक-शून्य," तेच म्हणाले, खणखणीत. पुढचाही मी तिथेच टाकला. तो त्यांनी परत केला, मी पुन्हा तिथेच मारला, त्यांनी पुन्हा केला, पॉइंट लांबत गेला आणि शेवटी त्यांचा बॉल जाळीत अडकला.

सवयीने ते खाली वाकायला गेले. मग सरळ झाले. दोन्ही तळवे टेबलावर टेकवून उभे राहिले, सगळ्या हॉलसमोर, आणि त्यांचा श्वास माझ्यापर्यंत ऐकू यायला लागला. शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबला. मला धावत पलीकडे जावंसं वाटत होतं. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "दम लागलाय."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"थांबलेय," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून पंप काढला, सगळ्यांसमोर ओढला, परत ठेवला. तोंडावरचा घाम पुसला. मग बॅट उचलली.

"किती झाले?"

"दोन-शून्य. माझे."

"बरोबर," ते म्हणाले. "टाक."

मी बॉल उजव्या कोपऱ्यात टाकला.