क्रियापद आणि पदवी

दुधाच्या कॅनचं झाकण उघडलं की जी पहिली कोमट वाफ नाकाला लागते, तिच्यात कुणाचा तरी अख्खा गोठा असतो. उसाच्या ओल्या वाड्याचा, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याचा हिरवा वास, पेंडीचा जड वास, धुतलेल्या कासेचा, कधी न धुतलेल्या हातांचाही. ही वाफ क्षणभरच टिकते. मग ती हवेत मिसळून जाते आणि कॅनमध्ये उरतं ते नुसतं पांढरं दूध, सगळ्यांचं सारखंच दिसणारं. कोल्हापूरजवळ, उचगावच्या अलीकडे असलेल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं या एका क्षणावर नोकरी केली. हे ज्ञान आहे की नुसती सवय, असं मला कुणी विचारलं नव्हतं; मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पदवीसाठी नाव घातलं आणि तो प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

गरज साधी होती. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख साळोखेमामा, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेला पदवी लागते. माझ्यापाशी बारावी होती. मामा रजेवर गेले की त्यांचं काम मीच बघत असे. पण रजेतलं काम वेगळं आणि खुर्ची वेगळी. जागा माझी झाली नाही तर बाहेरून कुणीतरी येणार, आणि त्याला झाकण कसं उघडायचं हे मीच शिकवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशात एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. तिथे वर्ग नाहीत, हजेरी नाही, तीन वर्षं थांबायची सक्तीही नाही. सगळ्या विषयांचे घटक पाडलेले. त्या घटकात जे यायला हवं ते तुम्हाला येतं, असं दाखवायचं आणि पुढे सरकायचं. येत असेल तर आठवड्यात, नसेल तर वर्ष लागो. गुण नाहीत, श्रेणी नाही. निकाल दोनच, ‘सक्षम’ आणि ‘अजून नाही’. नापास हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता. मला हे ‘अजून’ फार आवडलं. शाळेत एवढा एक शब्द जादा वापरला असता तर किती पोरींची दप्तरं माळ्यावर गेली नसती?

आणि ‘येतं’ हे तर आपलं जुनंच क्रियापद. मला पोहता येतं, तिला भाकरी येते, त्याला गणित येत नाही. आपण विद्या मिळवतो असं पुस्तकात लिहितात. बोलताना मात्र आपण सरळ सांगतो, की ती येते. कुठून येते? पावण्यासारखी वाट विचारत येते की मांजरासारखी न बोलावता? मला वाटतं, दोन्ही. रसायनशास्त्र माझ्या दारात पाच महिने घुटमळलं. दूधतपासणीचे चार घटक मात्र महिन्याभरात उरकले, कारण ते माझ्या घरात कधीचे राहायला आले होते, मीच त्यांची नोंद केली नव्हती. सूक्ष्मजीवांच्या घटकात मजा आली. आम्ही ज्याला ‘दुधानं वास धरला’ म्हणतो, तो म्हणजे जिवाणूंनी दुधातली साखर खाऊन केलेलं आम्ल. बावीस वर्षं त्या मंडळींना मी नाकानं ओळखत होते. नावं आता कळली.

शेवटचा घटक कामाच्या नोंदींचा. चाळीस सकाळी आपण काय केलं, ते आपल्या शब्दांत लिहून पाठवायचं. दूध घेताना हात ओले असतात, म्हणून मी फोनमध्ये बोलत गेले. फोन बोललेलं जसंच्या तसं टाइप करतो. मी ते पुन्हा वाचलं नाही आणि पाठवून दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. निकाल, ‘अजून नाही’. खाली परीक्षकांची टीप होती: नोंदी तपशीलवार आहेत, परंतु त्या पुरुषाने केलेल्या दिसतात. हे काम उमेदवाराने स्वतः केले आहे याची खात्री पटत नाही. आठवड्याभरात समक्ष मुलाखतीत खात्री न पटल्यास नोंदणी रद्द होईल.

मी नोंदी उघडल्या. ‘सकाळी सहाला आलो. पहिल्या कॅनचा वास घेतला. मग ॲसिडिटी बघायला आत गेलो.’ चाळीस दिवस मी आलो होतो आणि गेलो होतो.

आता हे परगावच्या माणसाला कसं समजवायचं? कोल्हापुरात बाई ‘मी जातो’ म्हणते. माझी आई म्हणायची, मी म्हणते, आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरी म्हणतात. लिहिताना आम्ही ‘गेले’ लिहितो, आत्ता मी लिहिते आहे तसं. तोंड उघडलं की ‘गेलो’ येतं. यात मर्दानी मिरवायचं काही नसतं. निपाणीकडची माझी जाऊ सांगते, की कानडीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ एकच, तिकडूनच हे आलं असेल. असेलही. शेजारणीकडून विरजण आणावं तसं आम्ही एक क्रियापद आणलं आणि परत करायचं विसरलो. माझी लेक अनुजा पुण्यात शिकते. ती दारात चप्पल काढते तशी पुण्याची ‘जाते’ काढून ठेवते आणि ‘आलो गं आई’ म्हणत आत शिरते.

मी टीप मामांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हंजे वैनी, तुमास्नी बाप्या केलं व्हय त्यांनी?”

“हसू नका, मामा. नाव कापणार हायत.”

“मग मुलाखतीत पुस्तकासारखं बोला की.”

अनुजानंही फोनवर तेच सांगितलं. “आई, पंधरा मिनिटं ‘करते, बघते’ म्हण. तेवढं जमंल न्हवं तुला?”

न जमायला काय झालं? दोन दिवस मी घरात सराव केला. मी कुकर लावते. मी कपडे वाळत घालते. नवऱ्यानं विचारलं, “पावणं येणारेत काय कोण?”

मुलाखत डेअरीतच झाली, सकाळच्या दुधाच्या वेळेला. फोन एका उपड्या कॅनवर टेकवला. पडद्यावर परीक्षक बाई, माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्या म्हणाल्या, “रांगेतले कुठलेही दोन कॅन घ्या. काय करताय ते सांगत सांगत करा.”

“मी आता झाकण काढते,” मी म्हणाले. “मी नमुना घेते. मी लॅक्टोमीटर सोडते.” प्रत्येक वाक्याच्या टोकाला पाय जपून टाकावा लागत होता, निसरड्या घाटावर टाकावा तसा. लॅक्टोमीटर स्थिर झाला, मी दुधाच्या घनतेचा आकडा वाचला आणि मान वर केली. बाईंचा चेहरा कोरडा होता.

“तुमच्या चाळीसही नोंदींत पहिली गोष्ट वास घेणं आहे,” त्या म्हणाल्या. “आज तुम्ही तो घेतलाच नाहीत.”

खरंच घेतला नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझं सगळं लक्ष क्रियापदावर होतं आणि नाक बिनकामाचंच राहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं, की नोंदी दुसऱ्या कुणाच्या तरी आहेत.

“मॅडम, थांबा जरा,” मी म्हणाले. “दुसरा कॅन मी माझ्या बोलीत करतो. मग काय द्यायचा तो निकाल द्या.”

झाकण काढलं आणि ती वाफ आली. आंबूस. “आता वास बघतो. हे आंबट लागतंय, पण हा दुधाचा आंबटपणा न्हवं. ह्यांच्या म्हशींस्नी मुरघास सुरू केलाय, मुरवलेला मका. त्याचा वास दुधाला लागतोय. नवा माणूस हा कॅन परत पाठवंल. मी न्हाय पाठवणार. पर नाकावर सोडूनबी देणार न्हाय, आत जाऊन ॲसिडिटी बघतो.” आत गेले, पाहिली, बरोबर आली. अल्कोहोल घालून नळी हलवली, दूध फुटलं नाही. फोनसमोर नळी धरली तेव्हा लक्षात आलं की इतक्या वेळात मी एकदाही क्रियापदाकडे पाहिलं नाही.

“तुम्ही ‘बघतो’ म्हणालात,” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडं बाया असंच बोलत्यात, मॅडम.”

“सगळ्या?”

“कुणालाबी इचारा की,” मागून मामांनी तोंड घातलं. “आमची मंडळी चाळीस वरीस मला ‘माहेरी जातो’ म्हणून दम देतीया.”

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. मग वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ. “हे मला येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे मुरघासाबद्दल तीन प्रश्न विचारले, तिन्ही चांगले, आणि फोन बंद केला.

‘सक्षम’ हा शब्द दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पदवीआधी एकच कागद राहिला होता, प्रतिज्ञापत्राचा. त्यात एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. मी पेन उचललं आणि सवयीनं थबकले, आता इथे काय लिहायचं, ‘करतो’ की ‘करते’? मग लिहिलं: ‘हे सर्व काम मी स्वतः केले आहे.’

लिहून झाल्यावर पाहत राहिले. या वाक्यात मी कुठेच नर किंवा नारी नव्हते. येण्याजाण्यात कायमच, आणि काम चालू असतं तोवर, मराठी विचारत राहते, करणारा कोण, बाई की बाप्या? काम पुरं झालं की ती करणाऱ्याकडे बघतही नाही. क्रियापद उठून कामाशी जाऊन जुळतं. ‘केले’ हे कामाचं होतं. माझं त्यात फक्त ‘मी’ होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. त्याखाली सही केली.