डाव्या बाजूचा ब्रेक

मुलीचं लायसन्स पोस्टाने आलं, त्या दिवशी मी ते देवघरात नेऊन ठेवलं. आमच्याकडे तशी रीतच आहे. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. वडील शिंपीकाम करायचे. माझी पदवीची गुणपत्रिका आली तेव्हा त्यांनी अक्षरांना बोट लागणार नाही अशा बेताने कोपऱ्याला कुंकू लावलं आणि ती देवापुढे उभी करून ठेवली. आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आज मी नारायण पेठेतल्या एका शाळेत शिकवते, बिबवेवाडीत आमचा फ्लॅट आहे, हे सगळं त्या एका कागदाने दिलं. त्यामुळे परीक्षा पास झाल्याचा कागद असला की माणसाला ते काम येतं, यात शंका घ्यायची असते हेच मला माहीत नव्हतं.

मुलगी अठरा वर्षांची झाली तसं तिला घराजवळच्या ड्रायव्हिंग क्लासला घातलं. वीस दिवस, रोज सकाळी अर्धा तास. क्लासच्या गाडीत शिकवणारे सर डावीकडे बसत. एकदा मी मागच्या सीटवर बसून गेले होते. मुलगी चौकातून, रिक्षांच्या मधून, भाजीच्या गाड्यांना न लागता अशी सुरेख गाडी काढत होती की मला भरून आलं. मला स्वतःला साधी स्कूटरही येत नाही.

"हात चांगला आहे हिचा," सर म्हणाले. "उगाच घाबरत नाही."

लायसन्सची परीक्षा मोकळ्या मैदानावर झाली. आठचा आकडा काढायचा, गाडी उलटी घ्यायची. तिने दोन्ही नीट केलं.

माझ्या यजमानांचं मात्र म्हणणं वेगळं होतं. "महिनाभर मी शेजारी बसतो, मग तिला एकटीला दे."

मी म्हटलं, "अहो, लायसन्स आहे तिच्याकडे. आता आपण कोण परीक्षा घेणार?"

ते कारखान्यात पाळीने काम करतात. वाद घालायला त्यांना वेळही नव्हता. किल्ली मी मुलीच्या हातात दिली, ती अशी.

तिचं कॉलेज वाघोलीला आहे. त्या आठवड्यात तिथे प्रदर्शन होतं आणि चार मैत्रिणींनी केलेली मॉडेलं रोज न्यायची-आणायची होती. बसमध्ये ती चेपली असती. आपली गाडी न्यायची असं मुलीने परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सोमवारी जायचं, म्हणून रविवारी सकाळी ती मला म्हणाली, "चल आई, एक चक्कर मारून येऊ." यजमान कामावर गेले होते. मी नेसती साडी नीट करून ऐटीत शेजारी बसले.

आमच्या भागात उतार फार. सोसायटीतून बाहेर पडून आम्ही उताराला लागलो. खाली सिग्नल लाल झाला आणि पुढची एक स्कूटर थांबली. आमची गाडी थांबेना. वेग फार नव्हता, पण कमीही होत नव्हता. मला वाटलं, आता करेल, आता करेल. ती शांत होती. मग एकाएकी तिने मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं.

"ब्रेक," मी म्हटलं.

तिने जोरात पाय दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली, पण त्याआधी स्कूटरला मागून टेकली होती. स्कूटरवरचे गृहस्थ साठीचे असतील. ते पडले नाहीत. त्यांनी स्कूटर स्टँडला लावली, मागचा दिवा निरखून पाहिला आणि खिडकीशी आले.

"सिग्नल दिसला होता, की आमच्या भरवशावर थांबायचं ठरवलं होतं?"

"माफ करा काका," मुलगी म्हणाली.

"लायसन्स आहे?"

"आहे," मी घाईने म्हटलं.

"मग बरोबर आहे. नसतं तर जपून चालवली असती."

ते निघून गेले. मागचे हॉर्न वाजवत होते. आम्ही कशीबशी गाडी कडेला घेतली.

"आई, क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूलाही ब्रेक असतो," ती म्हणाली. "क्लचसुद्धा. मला वाटायचं मीच मारतेय. मी पाय ठेवायच्या आधीच गाडी हळू झालेली असायची."

वीस दिवस ज्या हाताचं कौतुक चाललं होतं तो हात तिचाच होता. पाय दुसऱ्याचे होते. आणि मी मागे बसून ते पाहिलं होतं, मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मी क्लासमध्ये गेले. मला भांडता येत नाही; शिकवणाऱ्या माणसाशी तर नाहीच. मी विचारलं, "सर, ब्रेक तुम्हीच मारत होतात का?"

"मॅडम, दिवसाला बारा जण शिकतात माझ्याकडे," ते म्हणाले. "सगळ्यांवर ब्रेक सोडला तर मी संध्याकाळी घरी कसा जाणार?"

"पण मग त्यांना येणार कसं?"

"येतं हळूहळू. घरच्या गाडीवर हात साफ होतो." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. बाहेर एक मुलगी वही घेऊन उभी होती, उद्याची वेळ विचारायला.

घरी येऊन मी किल्ली कपाटात ठेवली. मुलीने हुज्जत घातली नाही. यजमान एवढंच म्हणाले, "आता मी शेजारी बसतो." मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

सोमवारी सकाळी आठला फाटकापाशी एक लाल गाडी येऊन उभी राहिली. मुलीची मैत्रीण चालवत होती. मागे दोघी मॉडेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगी आदल्याच संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलली होती, हे मला तेव्हा कळलं.

मी खाली गेले. "कुठे शिकलीस गं गाडी?"

"तिथेच काकू. आम्ही एकाच बॅचला होतो ना." ती हसली. "टेन्शन नका घेऊ, मला मागच्याच महिन्यात लायसन्स मिळालं."

"ब्रेक तू स्वतः मारून पाहिलास ना?"

"काकू, इथपर्यंत आलेय की गाडी घेऊन."

मी मुलीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं तिला. ती म्हणते, तुझं झालं असेल तसं, माझं नाही."

"तू बसने जा."

"आई, माझं मॉडेल त्यांच्याकडे आहे. आणि मी काय सांगू, आई नको म्हणते?"

मी मागच्या दोघींना पट्टे लावायला लावले. एकीचा पट्टा सीटच्या फटीत गेला होता, तो ओढून काढला. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. याहून जास्त काही मला करता आलं नाही. मुलगी पुढे डावीकडे बसली. बसण्याआधी तिने वाकून पायाखाली पाहिलं. तिथे रबरी चटई होती फक्त.

गाडी वळणाआड गेल्यावर मी मैत्रिणीच्या आईला फोन लावला. उताराचं, सिग्नलचं, सरांचं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण लायसन्स आहे ना तिच्याकडे," त्या म्हणाल्या.

माझंच वाक्य होतं ते. मी म्हटलं, "हो, आहे," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी शाळेत मी दोनदा चुकीच्या वर्गात शिरले. साडेनऊला 'पोहोचलो' असा मेसेज आला. जीव भांड्यात पडला आणि लगेच लक्षात आलं, परत यायचंच आहे अजून.

पाचच्या सुमाराला ती आली. चप्पल काढून सोफ्यावर बसली आणि उजवी पोटरी चोळायला लागली.

"काय झालं?"

"दुखतेय. काही नाही. बसून बसून."

मी तिच्या पायाशी बसले आणि पोटरीला तेल लावलं. दगडासारखी कडक झाली होती. जाऊन-येऊन सगळा रस्ता ती त्या चटईवर ब्रेक दाबत होती.

"उद्या परत त्याच गाडीने?"

"शुक्रवारपर्यंत प्रदर्शन आहे, आई."

मी दुसरा पायही पुढे घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, तो नाही दुखत.