चेंडू सोडायचा शब्द

आमच्या हॉकी संघात ‘जाऊ दे’ या शब्दांना एकच अर्थ आहे. मागून गोलकीपर ‘जाऊ दे!’ ओरडली की पुढच्या बॅकने काठी उचलायची आणि चेंडू सोडायचा, कारण तो तिचा असतो. मैदानात दुसऱ्या कुणी हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. हा नियम मॅडमनीच घालून दिलेला. मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई, आता निवृत्त. आम्हा सगळ्यांच्या हातात पहिली काठी त्यांनी दिली. पुढे कुणी वकील झाली, कुणी बाजारात भाजीच्या दुकानावर बसू लागली, मी आठवीला गणित शिकवू लागले. पण सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही अजून त्यांच्याच आरोळीवर पळतो.

ते मैदानच यंदा पणाला लागलं होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी सांगून टाकलं होतं, ‘लीगमध्ये आहात तोवर खेळा. बाहेर पडल्या की मैदान क्रिकेट अकादमीले.’ अमरावतीत बायकांना हॉकी खेळायला दुसरी जागा कोण देणार? शेवटचा सामना अकोल्याला, त्यांच्या मैदानावर. जिंकायची गरज नव्हती. बरोबरी झाली असती तरी आम्ही लीगमध्ये राहिलो असतो.

सामना संपत आला तेव्हा एक-एक बरोबरीच होती. मी बॅकला. मॅडम नेहमीप्रमाणे राखीव मुलींजवळ न बसता रेषेबाहेरून चालत चालत आमच्या गोलापर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात आमच्या सेंटर हाफच्या, म्हणजे वकिलीणबाईंच्या, नडगीवर अकोल्याच्या एकीची काठी बसली. खटकन आवाज झाला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला. पंचाला आला नाही. खेळ चालू राहिला आणि ही बया खेळ सोडून लंगडत त्याच्यापुढे उभी.

‘काहून नाई वाजवली शिट्टी? दिसत नाई का तुमाले?’

इकडे अकोल्याच्या मुलींनी चेंडू पुढे ढकलला. तो सरळ माझ्याकडेच आला, ढेकळांवरून रखडत. असा चेंडू मी पोळ्या लाटता लाटतासुद्धा मारीन. मी काठी मागे नेली आणि मागून घोगऱ्या आवाजात आलं, ‘जाऊ दे! जाऊ दे वं!’

मी काठी उचलली. चेंडू माझ्या बुटाजवळून गेला. गोलकीपर जागची हलली नाही. माझ्यामागून अकोल्याची एक उंच पोरगी आली, तिने चेंडूला नुसता धक्का दिला आणि गोल झाला.

‘सोडला काहून तू?’ गोलकीपर हेल्मेट काढून माझ्यावर धावली.

‘तूच वरडली न!’

‘म्या? म्या तोंड तरी उघडलं का!’

ती नाही, मी नाही, मग राहिलं कोण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वऱ्हाडी अकोल्याच्या मुलींनाही येते. आमचा शब्द त्यांनी ऐकला आणि आमच्यावरच उलटवला, हे मला उन्हासारखं लख्ख दिसलं. मी त्या उंच पोरीपुढे जाऊन उभी राहिले आणि भर मैदानात, तिच्या घरच्या माणसांदेखत, तिला खोटारडी म्हटलं.

‘देवाशपथ ताई, मी नाही वरडली,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते नाटक वाटलं आणि मी तेही बोलून दाखवलं.

पंच म्हणाला, ‘ताई, खेळा, टाइम जाऊन राहिला.’ उरलेल्या वेळात आम्ही नुसत्या पळालो. हरलो.

परतताना क्रूझर जीपमध्ये सगळ्यात जास्त मी बोलत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत मी अकोल्याच्या पाण्यापासून पंचाच्या खानदानापर्यंत कुणाला सोडलं नाही. लेखी तक्रार करायची, त्या पोरीला खेळायची बंदी घालायला लावायची, असं माझं ठरूनच गेलं होतं. वकिलीणबाई नडगीला बर्फ लावून मसुदा सांगत होत्या. चहाला गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या मॅडम मागे न वळताच म्हणाल्या,

‘तक्रार नको करू वं. म्या वरडली होती.’

‘काय?’

‘हिले म्हटलं. पंचाशी भांडून राहिली होती न. म्हटलं, जाऊ दे, खेळ.’

मला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग एकेक गोष्ट डोक्यात चढत गेली. त्यांनी गोल होताना पाहिला. मी त्या पोरीच्या अंगावर गेले तेव्हा त्या दहा पावलांवर उभ्या होत्या. तिने देवाची शपथ घेतली ती त्यांनी ऐकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच उभा, पदर खोचून.

‘मंग तिथंच काहून नाई सांगितलं तुमी?’

‘गोल तर होऊन गेला होता. म्हटलं, आता कायले वाढवा? जाऊ दे.’

मी ओरडले. मॅडमवर आजवर कुणी ओरडलं नव्हतं, नववीतल्या मुलींनीही नाही. मी म्हटलं, वर्षानुवर्षं तुम्ही हेच करून राहिल्या. शाळेनं काठ्यांचे पैसे मुलांच्या क्रिकेट किटला दिले, जाऊ दे. अर्धं मैदान गाड्या लावायला घेतलं, जाऊ दे. मुलीच्या नडगीवर काठी बसते, ती एकटी पंचाला जाब विचारते, तर तुम्ही पंचाला काही म्हणत नाही, तिला गप्प करता! हिला गप्प करायला गेलात अन् सामना गेला. आज तुमच्या ‘जाऊ दे’ने मैदान घालवलं.

वकिलीणबाईंनी माझा हात दाबला. मी तो झटकला. मॅडम समोरच्या काचेतून टपरीकडे बघत होत्या, आणि त्या रडत असतील तर मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

(त्या पोरीचा नंबर मिळवून मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, ‘ठीक आहे ताई.’ ठीक नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.)

चहा आला तसा थंड झाला. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. सचिव. बातमी आमच्या आधी अमरावतीत पोचली होती. मॅडमना फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

‘ऐकलं मॅडम. वाईट वाटलं. पण आपलं ठरलं होतं. उद्यापासून कुलूप लावून राहिलो. तुमची काही हरकत नाही न?’

मॅडमचे ओठ हलले. पुढचे शब्द कोणते येणार हे गाडीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी मागच्या सीटवरून हात घालून फोन हिसकावला.

‘हरकत आहे. उद्या सकाळी आमी सगळ्या येऊन राहिलो. कुलूप असलं तर गेटासमोर रस्त्यावर खेळू. शाळा भरायच्या टायमापर्यंत खेळू. पोरं आत कसे जातील ते तुमी पाहा.’

‘कोण बोलून राहिलं? हे पाहा ताई, हा विषय माझा आणि मॅडमचा आहे. फोन मॅडमजवळ द्या.’

मी फोन पुढे धरला. घ्या, म्हणा काय म्हणायचं ते, असं माझ्या मनात होतं. मॅडमनी फोनकडे पाहिलं, घेतला नाही. जिथे होता तिथेच त्याच्याकडे तोंड नेलं आणि मैदानातल्या आवाजात म्हणाल्या,

‘माह्याशी काय बोलता? तिच्याशीच बोला.’