सात वाड्यांचा पार

समतेचा पाया भूमितीत आहे, असं मी वर्गात गंभीरपणे सांगत असे. परवा पेणच्या बाजारात काथ्याच्या दोरीचा वास आला आणि कासूकडच्या आमच्या गावचा पार आठवला.

नव्या पिंपळासाठी पार बांधायचा होता. गावात वाड्या सात, म्हणून बाजू सात, अगदी सारख्या. प्रत्येकीच्या माथ्यावर एका वाडीचं नाव. खुंटी आणि दोरीचा कंपास करून माझे दहावीचे विद्यार्थी चुन्याने आखत होते. शेवटची बाजू दर वेळी आखूड पडे आणि ती नदीकाठच्या वाडीची होती.

त्याच वाडीतली सुगंधा म्हणाली, "सर, आखूड बाजू आमालाच का?"

"कंपास-पट्टीने सारख्या बाजूंचा सप्तकोन काढताच येत नाही," मी सांगितलं.

"मंग पोरांना शिकवता काय, मास्तर?" सरपंच म्हणाले.

सुगंधाने खुंटी सोडली नव्हती. "आठ काढू की, सर. आठ येतात. आठव्या बाजूला पायऱ्या."

काटकोन दुभागत गेलो. आठही बाजू सारख्या आल्या. सुगंधाने आपल्या वाडीची पुन्हा मोजून घेतली. मी समतेवर छोटंसं भाषणही केलं.

पिंपळ आता डेरेदार झालाय. सगळ्या वाड्यांची माणसं पायऱ्यांवरच बसतात. सातही नावांवर वाल वाळत असतात.