मीरा रोडच्या लेडीज वॉर्डात सुमाताईची छत्री

या वेळी शनिवार-रविवारला जोडून रजा टाकतेय आणि मीरा रोडला महापालिकेची निवडणूक बघायला जातेय, असं मी माझ्या किल्ल्यांच्या ब्लॉगवर लिहिलं तर खाली प्रतिक्रियांमध्ये नुसती खिल्ली. "किल्ले संपले वाटतं?" "मीरा रोडला बघण्यासारखं काय आहे, बिल्डिंगी?" घरातसुद्धा तेच. नवरा म्हणाला, "अगं, निवडणूकच बघायची तर पुण्यातली काय वाईट होती?" वाईट काहीच नव्हती. पण पुण्यातल्या निवडणुकीत माझी सुमाताई उभी नव्हती.

सुमाताई म्हणजे माझी मावसबहीण. मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर लालबागला आणि जागा पुरेना म्हणून मीरा रोडला आलेली. घरी शिकवण्या घेते, महिला बचत गट चालवते. तिच्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड, तेही टँकरचं. वॉर्ड महिलांसाठी राखीव, त्यामुळे नगरसेवक बाईच, दक्षाबेन. ताई पाण्यासाठी त्यांच्या ऑफिसात गेली की आतून दक्षाबेनचे यजमान, ज्यांना सगळे 'भाई' म्हणतात, तेच बाहेर यायचे. "मॅडम बिझी आहेत, मला सांगा." असं पाच वर्षं चाललं. ज्या बाईला आपण निवडून दिलं तिचा आवाज कसा आहे हेही ताईला माहीत नव्हतं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मग मीच उभी राहते. निदान माझ्या वॉर्डातल्या बायकांना माझा आवाज तरी ऐकू येईल." कुठल्याही पक्षाशिवाय, अपक्ष. आता अशा बाईला सोडून मी किल्ल्यावर जायचं? मुळीच नाही.

पुण्याहून जाणार असाल तर सरळ बोरिवलीची एसटी पकडा, दादरच्या भानगडीत पडू नका. बोरिवलीला हायवेवर उतरून भाईंदरकडे जाणारी बस घ्यायची, दहिसर नाका ओलांडून काशीमिऱ्याला उतरायचं आणि तिथून शेअर रिक्षा. पाच रुपयांत स्टेशनच्या बाजूला सोडतो, फक्त पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसायची तयारी हवी. ऑगस्टचा पाऊस, रस्त्याला खड्डे आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर हात जोडलेली माणसं. माझ्या शेजारचा प्रवासी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "अभी सब हाथ जोडता है, बाद में हम जोडेगा." रिक्षावाला हसला नाही, बहुधा रोज ऐकत असावा.

ताईला चिन्ह मिळालं होतं छत्री. भर पावसाळ्यात छत्री! रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस आपला फुकट प्रचार करतोय, असं म्हणून भावोजी भलतेच खूश होते. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, एका खाजगी कंपनीत अकाउंट्समध्ये. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते पाणी प्यायला उठतात.

मी पोचले तेव्हा घरात भलतंच नाट्य चाललं होतं. स्टेशनजवळच्या दुकानातून छापलेला बॅनर नुकताच आला होता आणि तो हॉलभर पसरला होता. त्यावर मधोमध, डोक्यापासून कमरेपर्यंत, हात जोडून भावोजी! आणि उजव्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी, आमची ताई. ताईने तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे दुकानदाराचं उत्तर आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"मॅडम, लेडीज वॉर्ड में मिस्टर का ही फोटो बडा रहता है. सबका ऐसाही बनाया."

"पण फोटो दिला कोणी ह्यांचा?"

"आपने फॅमिलीवाला फोटो दिया था ना. मैंने सर को बडा कर दिया. फॉरमॅट है मॅडम."

त्या माणसाला आपण काही चूक केलीय असं वाटतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याची एकट्याची चूक नव्हतीच. मघाशी रिक्षातून मी पाहिलेले ते हात जोडलेले पुरुष आठवले. त्यातले निम्मे उमेदवारच नव्हते, उमेदवारांचे नवरे होते. मी सगळे बॅनर बघत आले आणि मलाही ते खटकलं नव्हतं, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

ताईने फोन ठेवला, शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली आणि बॅनरवर मांडी घालून बसली. भावोजींनी दुसरं टोक ताणून धरलं. "सांभाळून गं," ते म्हणाले, "नाक कापू नकोस माझं." ताईने नाकाला धक्का न लावता अख्खा नवरा गोल कापून काढला. मधे हे मोठं भोक. तसाच तो बॅनर तिने संध्याकाळी भाजी मार्केटच्या तोंडाशी बांधला आणि स्वतः त्या भोकामागे उभी राहिली. लोक थांबायला लागले. "इधर कौन था?" असं विचारलं की ती सांगायची, "माझे मिस्टर. ते उभे नाहीत, मी उभी आहे. पाण्याचं बोलायचंय का?" जे लोक छापील पत्रक हातात घ्यायला तयार नव्हते ते तिथे अर्धा अर्धा तास गप्पा मारत होते.

रविवारी सकाळी ताई घरोघरी फिरायला गेली आणि मला रोझीमावशीने उत्तनजवळच्या पाली या कोळीवाड्यात नेलं. रोझीमावशी पालीहून मासळी घेऊन ताईच्या बिल्डिंगमध्ये येते, तिची जुनी ओळख. तुम्हीही हा फेरफटका चुकवू नका. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते. इमारती संपल्या की खाडी आणि मिठागरं लागतात, मग झाडी आणि एकदम समुद्र. उत्तनपासून पाली जवळच, पण गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुचाकी आली की आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या अजून काठावर शाकारलेल्या होत्या.

तिथे मला जे बघायला मिळालं त्यासाठी मी दहा किल्ले ओवाळून टाकीन. तिथल्या वॉर्डातला एक उमेदवार प्रचाराला आला होता, पांढरे कपडे, मागे पाच-सहा कार्यकर्ते. चौकात बायका पाय पसरून आरामात बसलेल्या आणि तो मात्र उभा. त्याने इकडेतिकडे बघितलं, खुर्ची कोणीच दिली नाही.

मी मावशीला हळूच विचारलं, "पाहुण्याला बसायला नाही देत?"

"पावना न्हाय तो, मत मागाला आलाय," मावशी मोठ्यानेच म्हणाली. "आमच्याकडं तशी रीतच हाय. खुर्ची दिली का तो बसून भाषान करतो. उभा ठेवला का पाय दुखतान, मग बरोबर बोलतो."

आणि खरंच, रस्त्याबद्दल, दिव्यांबद्दल, मासळी सुकवायच्या जागेबद्दल बायकांनी त्याला असं काही धारेवर धरलं की बिचारा या पायावरून त्या पायावर होत राहिला. मग मावशीच्या घरी कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. श्रावण मी पुण्यातच ठेवून आले होते, त्यामुळे दोनदा वाढून घेतलं.

दुपारी परत आल्यावर ताईला हे सांगितलं. ती घाईघाईने वरणभात जेवत होती. खूप हसली आणि ती उभं ठेवायची रीत मला पुन्हा सांगायला लावली. संध्याकाळी सोसायट्यांच्या संघाने सगळ्या उमेदवारांना एका शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. प्रत्येकाने बोलायचं आणि मतदारांनी प्रश्न विचारायचे. ताईची सगळी भिस्त त्या एका कार्यक्रमावर होती. पक्ष नाही, गाड्या नाहीत, इतक्या लोकांसमोर एकदम उभं राहायची तेवढीच संधी.

हॉल तुडुंब भरलेला. स्टेजवर चार खुर्च्या आणि टेबलावर नावांच्या पाट्या. आम्ही जवळ जाऊन वाचल्या आणि माझं डोकंच फिरलं. चारही पाट्यांवर पुरुषांची नावं! उमेदवार बायका खाली पहिल्या रांगेत, नीट पदर घेऊन. चौथी पाटी भावोजींच्या नावाची. भावोजींनी ती पाहिली आणि पाण्याची बाटली उघडली.

संघाचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते, वाईट हेतू अजिबात नाही. ताई स्टेजवर चढली तशी ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा ना खाली. मिस्टरांना पाठवा. बाकी तिघींचेही मिस्टरच बोलतायत, आपण सगळ्यांना समान न्याय ठेवलाय."

"काका, मशीनवर कोणाचं नाव येणार आहे?" ताईने विचारलं.

"तुमचंच. पण बोलायचं म्हणजे..."

"मग बोलणार मीच. आणि ह्या तिघीसुद्धा. त्या वर येईपर्यंत मी बसणार नाही आणि स्टेजवरून उतरणारही नाही."

ती उभी राहिली. खुर्ची समोर असून उभी. आधी हशा पिकला, मग कुजबुज, मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, टाइम मत खाओ." माझ्या शेजारी भावोजी ताठ बसलेले. अध्यक्षांनी त्यांना खुणावलं तेव्हा हा माणूस, जो चार जणांत तोंड उघडत नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, "मी उमेदवार नाही हो. मी मतदार आहे. मला हिचं ऐकायचंय." मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, पण जोरात वाजवल्या. मग मागच्या बायकांनी सुरुवात केली आणि टाळ्या आवरेनात.

आणि मग पहिल्या रांगेतून दक्षाबेन उठल्या. भाईंनी स्टेजवरूनच हाताने "बैठो" केलं. त्या बसल्या नाहीत. पायऱ्या चढल्या, माइकजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मेरेको भी बोलना है."

त्यांचा आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "पाच साल में सबने भाई को पूछा. मेरेको किसीने पूछा नहीं, और मैं भी चूप बैठी. वो मेरी गलती है. टँकर मेरी बिल्डिंग में भी आता है. पानी का कागज किधर अटका है, मेरेको मालूम है." आणि त्यांनी सांगितलं, सगळं, नीट. ताई त्यानंतर बोलली, छान बोलली, उरलेल्या दोघीही चार-चार वाक्यं बोलल्या. पण हॉलभर चर्चा होती ती दक्षाबेनची.

बाहेर आल्यावर मी ताईला म्हटलं, "अगं, तू तुझी मतं तिच्या पदरात टाकलीस!"

"टाकली तर टाकली," ती म्हणाली. "तिला गप्प ठेवून मला जिंकायचं असतं तर मीपण ह्यांनाच वर पाठवलं असतं की."

मी सोमवारी पुण्याला परतले. निकाल फोनवर कळला. दक्षाबेन पुन्हा निवडून आल्या, ताई दुसरी. मी दिवसभर ऑफिसात कोणाशी धड बोलले नाही. किल्ल्यावरून आलं की पाय दुखतात, दोन दिवसांत विसरायला होतं. या सहलीचं तसं नाही. आता कुठल्याही खांबावर राखीव वॉर्डातल्या पुरुषाचा फोटो दिसला की मी थांबते आणि त्यात बाई कुठे आहे ते शोधते. सापडली नाही तर दुकानदाराला जाऊन विचारते. नवरा म्हणतो, तुला काय करायचंय. मला करायचंय.

काल ताईचा फोन आला. ती पाण्यासाठी पुन्हा त्याच ऑफिसात गेली होती. आत खुर्चीत दक्षाबेन एकट्या. भाई बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते.

"मग? मिळालं पाणी?" मी विचारलं.

"कुठलं! तासभर भांडलो आम्ही दोघी. ह्या महिन्यात जमणार नाही म्हणाली, तोंडावर. पाच वर्षांत पहिल्यांदा मला तिने स्वतः 'नाही' म्हटलं, नीलू." ताईच्या आवाजात हरलेल्या बाईचं काही म्हणजे काही नव्हतं. "आता 'हो' पण तिच्याच तोंडून काढते. उद्या परत जातेय."